रोज पाण्यात घातलेली होडी

७ नोव्हेंबर, गुरुवार

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी काय खातात ते रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, बाई, माझी सातवीसुद्धा पुरी नाही. तर म्हणाल्या, येतं तेवढं लिहा. माझ्या मुलीने, रियाने, कॉलेजची अर्धी राहिलेली वही दिली. बोलताना मी असं पुस्तकासारखं बोलत नाही. पण शाळेत मालवणीत लिहिलं की बाई हातावर पट्टी मारायच्या, ती पट्टी अजून हाताला आठवते.

तर लिहिते. सकाळी पेज, अर्धी वाटी. दुपारी पेज, थोडी. सांडली ती वेगळी. संध्याकाळी नको.

झालं. आता बाईंनी विचारलं नाही ते.

माझी सासू नर्मदा गेल्या शिमग्यापासून माणसं विसरली. मला कधी तिची आई समजते, कधी मासळी मागायला आलेली कोण तरी. सुदेश, माझा नवरा, मुंबईहून आला तर त्याला म्हणते, "तू कोणाचो रे?" तो पडवीत जाऊन रडला. मी नाही रडले. मला वेळ नव्हता. खळ्यात सुकट वाळत घातली होती आणि कावळे आले होते.

माणसं विसरली ते चालेल. ती तोंड उघडायचं विसरली. चमचा ओठाला लागला की ओठ आवळते, हात लावला की शिंपली मिटते तशी. उघडते ती एकाच गोष्टीला. डबी लावली की.

डबी म्हणजे गाणी ऐकायची डबी. रिया बालवाडीत होती तेव्हा सुदेशने मुंबईहून आणली. तिच्यात समोरच्याचा आवाजही धरता यायचा. नवीन होती तेव्हा सुदेश दिसेल त्याचा आवाज धरायचा. कोंबड्याचा धरला, माझ्या शिव्यांचा धरला. आणि आमची होडी पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा गुणाजीकाकांनी घातलेलं गाऱ्हाणं धरलं.

डॉक्टरीणबाई घाटावरच्या, त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगावं लागलं. एकाने देवापुढे उभं राहून मागायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. डबीत गुणाजीकाका मागतात, "होडी भरान येवंदे म्हाराजा!" मागून वाडीचे पुरुष ओरडतात, "व्हय म्हाराजा!" आणि खाटेवर म्हातारी पण म्हणते, व्हय म्हाराजा. म्हणायला तोंड उघडते. तेवढ्यात मी चमचा घालते. देवाला होकार जातो, पोटात पेज जाते.

होडी केव्हाच विकली. गाऱ्हाणं राहिलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अर्धी वाटी. दुपारी अर्धी, कुळथाचं पिठलं पातळ करून.

डबीची दशा लिहून ठेवते, कोणी तरी वाचेल आणि मला वेडी म्हणणार नाही. तिची काच काळी पडली, आत काय लागलंय ते दिसत नाही. पुढे जायचं बटण पडलं, तिथे केसातला आकडा घालून दाबते. पाठीचं झाकण राहत नाही, रबर लावलाय. आवाज तर असा की डास बरा. तिला आणि मला दोघींना ऐकू यायला तिच्या गालाला गाल लावून बसावं लागतं, डबी दोघींच्या कानांच्या मध्ये. एका हाताने ती धरायची, दुसऱ्या हाताने चमचा. जेवण होईस्तो कंबर तुटते. म्हातारीच्या अंगाला खोबरेल आणि मुताचा वास. माझ्या अंगाला सुक्या मासळीचा. दोघी एकमेकींना शोभतो.

चालू केली की डबी पहिल्यापासून सुरू होते. आधी भजनं, मग सुदेशची गाणी, मग गाऱ्हाणं. आकडा दाबत दाबत तिथवर जायचं. सुदेशच्या गाण्यांत एक बाईचं आहे, पैलतीराची वाट बघणारं. तिथे आकडा थांबतो. ते पुरं ऐकते. म्हातारी पण गप्प पडून असते, घाई करत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाजाराला कणकवलीला गेले होते. रियाला सांगून गेले, आजीला भरव. तिने काय केलं, गाऱ्हाणं आपल्या फोनवर उतरवलं आणि फोन खिडकीत ठेवून मोठ्याने लावलं. स्वतः खुर्चीवर बसून लांबून चमचा. म्हातारीने पेजेचा थेंब घेतला नाही.

"आई, आवाज तोच आसा. गुणाजीआजोच बोलतत. उलट सपष्ट येता."

"मगे ती खायना कित्या?"

"माका काय म्हायत? तूच इचार तिका."

मी आल्यावर पाय पण न धुता डबी घेतली, बसले. अर्धी वाटी. रिया दारात उभी राहून बघत होती. म्हणते, "तू काय जादू करतस." मी म्हटलं, जादू नाय, जुनी वस्तू. फोनात सगळंच असतं. शाळा, बाजार, बातम्या, तुझ्या मैत्रिणी. एवढ्या गर्दीत देव कशाला थांबेल?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पाऊण वाटी. चांगला दिवस होता. मग परवा खिडकीतून वाडीभर गेलेला आपला आवाज ऐकून गुणाजीकाका आले. आले म्हणजे आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत आले. गडग्याच्या अलीकडे पाय टाकत नाहीत.

गुणाजीकाका म्हणजे सासूचा धाकटा दीर. त्यांची आई त्यांना जन्म देऊन गेली. म्हातारी लग्न होऊन आली तेव्हा हळदीच्या हाताने तिने त्यांना कडेवर घेतलं, असं सगळी वाडी सांगते. होडी सुदेशच्या नावावर होती, पण ती समुद्रात नेणारे तांडेल काका. सुदेशने विकली तेव्हा त्यांना विचारलं नाही. गिऱ्हाईकच आणून उभं केलं. त्या दिवसापासून या घराशी बोलणं बंद. बोलतात ते फक्त माझ्याशी, भांडायला.

"गो रुक्मिणी! माझो आवाज बंद कर."

"तुमचो आवाज अख्ख्या वाडीक बंद करूक जमलो नाय, मी खंयची करतलंय?"

"मस्करी नको. गाऱ्हाणा म्हणजे काय रेडिओ? सकाळ-दुपार तू देवाक हाक मारतस. देव येता. येवन बगता तर नारळ नाय, इडो नाय, होडी तर नायच नाय. रोज होडी पाण्यात घालतस तू. खंय आसा होडी?"

"देवाक ठावक नाय होडी इकली ती?"

"ठावक आसा. म्हणानच. तेच्या समोर फट बोलतस तू."

"मी खंय बोलतंय? तुमी बोलतास."

काकांनी टोपी काढली, परत घातली. जाताना समुद्राकडे बघत म्हणाले, "व्हनी कशी आसा?"

"येवन बगा."

"ह्या दारात पाय ठेवचंय नाय म्हणान सांगलंय मी."

"मगे थंयच उबे ऱ्हवा." आणि मी आत आले.

पण मनात राहिलं. रोज खोटं गाऱ्हाणं. देव येत असेल तर काय म्हणत असेल?

१७ नोव्हेंबर, रविवार

किशोरी आली, माझी नणंद, खारेपाटणला दिलेली. येताना नवा भोंगा घेऊन आली, ताटाएवढा, वाजला की लाल-निळे दिवे पेटतात. फोनवरचं गाऱ्हाणं त्यात लावलं. गुणाजीकाकांचा आवाज असा फुटला की शेजारचा कुत्रा पळाला. म्हातारी घाबरून भिंतीकडे सरकली.

मी तो बंद केला. किशोरी चिडली.

"वयनी, ह्या डबड्यार माझ्या आवशीचो जीव टांगून ठेवलंस तू."

"तुझ्या आवशीचो जीव चमच्यार आसा. डबी नुसती वाजता."

"आणि उद्या बंद पडली तर? बग तिच्या हातांकडे, काटके झाले. नाकातसून नळी घालूया. पोटभर तरी जातला. देवदिवाळी झाली की मी गाडी घेवन येतंय."

सुदेशला फोन लावला. तो म्हणाला, ताई म्हणता तसा करूया. मी म्हटलं, तुझा काय? तो म्हणाला, माका हडे बसान काय कळतला. हे मात्र खरं बोलला.

नळी मी बघितली आहे. वाडीतल्या शंकरच्या आईला घातली होती. ती ओढून काढायची, म्हणून दोन्ही हात खाटेला फडक्याने बांधत. शेवटपर्यंत बांधलेले. मी भेटायला गेले तर तिने बोटं हलवली, एवढीच सुटी होती. कुणाला नळीने बरं वाटत असेल, मला माहीत नाही. मी ते हात बघितले.

किशोरी वाईट नाही. आई तिची आहे. पण म्हातारी तोंडाने जेवते तोवर मी गाडी दारात उभी करू देणार नाही. हे लिहिलं म्हणजे मला लक्षात राहील.

संध्याकाळी पाव वाटी. दिव्यांना घाबरलेली होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डबी सुरू होताना आता अडते, मध्येच झोपते. बाजार आटपून यतीनच्या दुकानात नेली. फोन दुरुस्त करतो तो. डबी हातात घेऊन उलटीपालटी करून हसला.

"काकी, ही खंयच्या जमान्यातली?"

"तुझ्याच. तू शेंबूड पुसत होतंस तेवाची."

"टाकून देवा ही."

"तुका टाकून दी म्हणान तुझ्या आवशीक खूप जणांनी सांगलेला. तिना ठेवल्यान मां?"

दुकानातली माणसं हसली, तो पण हसला. उघडून दाखवली. आतली बॅटरी पुरीसारखी फुगलेली. तार लावायचं भोक खाऱ्या हवेने खाल्लेलं, दुसऱ्या पिनेला डाग देऊन काम भागवावं लागेल म्हणाला. कुठल्या तरी खेळण्यातली बॅटरी बसवली. शिवाय स्वतःच्या मनाने नवा भोंगा बसवला, एवढासा, पण खणखणीत.

"आयका आता. देवळात लावा."

खरंच मोठा आवाज. येताना एसटीत मी मनात म्हटलं, आता कंबरेला आराम. टेबलावर डबी ठेवायची, स्टुलावर बसून निवांत भरवायचं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मेल्या यतीनने घात केला.

टेबलावर डबी ठेवली, स्टूल ओढला, गाऱ्हाणं लावलं. तोंड बंद. परत लावलं. बंद. तीच डबी, तेच गाऱ्हाणं, पण म्हातारी माझ्याकडे बघते जशी मी तिला विष देते.

दुपारी पण नाही. मग माझ्या लक्षात आलं. भोंगा बदलला म्हणजे आवाज बदलणारच. माणसाचा गळा बदलला तर कोण ओळखेल? भोंग्याच्या भोकांत कापूस कोंबला, वरून फडकं बांधलं. आता आवाज होता तसा मेलेला झाला. परत गालाला गाल, परत कंबर मोडून बसले. पहिल्याच "व्हय"ला तोंड उघडलं. अर्धी वाटी.

त्याने सुधारलेलं मी बिघडवलं तेव्हा ती जेवली. रियाला सांगितलं तर ती नुसती हसली. आजकालच्या मुली हसतात कशाला ते त्यांनाच ठाऊक.

२५ नोव्हेंबर, सोमवार

खाणं बरं. लिहायला बसले पण हात उचलत नाही. चार दिवस लिहिलं नाही कारण काही झालं नाही. धुतलं, वाळवलं, भरवलं, पुसलं, वाळवलेलं उचललं. विजयदुर्गाचा किल्ला बघायला आलेल्या बायका गडग्यापाशी थांबून सुकटीचा फोटो काढतात आणि वासाला नाकाला रुमाल लावतात. घ्यायची नाही तर वास तरी कशाला घेता?

डबीतलं ते बाईचं गाणं आज दोनदा ऐकलं. पेज निवली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बंद पडली. गाऱ्हाण्यातच, "माणूस सुखान" इथे. "येवंदे" आलंच नाही. म्हातारी तोंड उघडून वाट बघत राहिली. मग मिटलं.

चार्जिंगला लावली, बॅटरी काढून घातली, देव्हाऱ्याजवळ उन्हात ठेवली. आपटली पण, खरं लिहायचं तर. काही नाही. रियाने कॉलेजला जाताना यतीनकडे नेली आणि संध्याकाळी परत आणली. तो म्हणे, आतली पाटीच गेली, आता देव आला तरी चालू होणार नाही.

रात्री पाणी, कापूस भिजवून ओठांवर.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रामेश्वराच्या देवळात जाऊन नारळ ठेवला. माझा विश्वास आहे की नाही मला ठाऊक नाही, पण गुणाजीकाकांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. देवाला म्हटलं, होडी नाही. विकून वर्षं झाली. खोटं मी बोलले नाही, डबी बोलली, आणि तिला तू मारलंस. आता राग गेला असेल तर म्हातारीला जेवू दे.

घरी येऊन बघितलं. डबी मेलेलीच. फोनवरचं लावून बघितलं, खिडकीत, मग खाटेवर. तोंड बंद. पाणी पण ओघळून गेलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, अजून दोन दिवस बघू, नंतर मात्र हलवायला हवं. किशोरीला फोन करून सांगितलं. तिने गाडी बुधवारची ठरवली. फोनवर ती रडत होती. मी रडले नाही, पण भाताला मीठ दोनदा घातलं.

१ डिसेंबर, रविवार

गुणाजीकाकांच्या दारात गेले. लग्न होऊन आल्यापासून त्या दारात असं मागायला कधी गेले नव्हते. ते जाळं विणत बसले होते. होडी नाही, कुणाचं विणतात देव जाणे.

"डबी मेली," मी म्हटलं.

"बरा झाला. देवान कान पिळल्यान."

"म्हातारी दोन दिस उपाशी आसा. बुधवारी किशोरी तिका घेवन जातली. नाकात नळी घालतले, हात बांदतले. तुमी येवन गाऱ्हाणा घाला. तुमच्या आवाजाक ती तोंड उघडता."

"मी काय मशीन? बटण दाबला की बोलू?"

"मशीन बरी होती. ती मान मागी नाय होती."

जाळ्यातली सुई थांबली. मला वाटलं, आता घालवून देणार. मी पण उठलेच होते.

"थांब गो," म्हणाले. "मी सांगलंय तुका, त्या दारात पाय ठेवचंय नाय."

"तर पडवीत उबे ऱ्हवा. पडवी म्हणजे दार नाय."

हे खोटं आहे. पडवी म्हणजे दारच. पण त्यांनी वाद घातला नाही.

२ डिसेंबर, सोमवार. देवदिवाळी.

हे नीट लिहायचं आहे, म्हणून मासळी उचलून, हात धुऊन बसले.

काका सकाळीच आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात नारळ आणि पानाचा विडा. गडगा ओलांडताना इकडेतिकडे बघितलं. पडवीत उभे राहिले. म्हातारीची खाट आतल्या खोलीत, दार उघडं. मी पदर घेऊन बाजूला उभी राहिले, चमचा तयार.

त्यांनी नारळ ठेवला आणि सुरू केलं. "बा रामेश्वरा म्हाराजा!" गळा फाडून. पण तो डबीतला आवाज नव्हे. तिथे दात होते, दम होता. इथे मध्येच खोकला, मध्येच शब्द वाऱ्यावर जायचा. मागून व्हय म्हणायला कोणी पुरुष नाही. मी म्हटलं, व्हय म्हाराजा. रियाने म्हटलं.

म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "कोण बोंबलता गो?" म्हणाली.

काका तिथेच थांबले. मग पडवीच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "माका वळखल्यान नाय."

"माका खंय वळखता? मी तिची आवस."

"तुका आवस तरी म्हणता."

मला चीड आली. त्यांच्यावर, देवावर, म्हातारीवर, सगळ्यांवर. पेज परत निवत चाललेली. सवयीने खाटेवर बसले, सवयीने डबी उचलली, मेलेली, रबर लावलेली. गालाला गाल लावला, डबी मध्ये धरली. आता तिच्यातून काय येणार? बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. आमच्याकडे कुणी घातलेलं मी ऐकलं नाही. पण घरात डबी एवढी वाजली की मला ते पाठ झालं होतं, ते पाठ झाल्याचं पण ठाऊक नव्हतं. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, तिच्या कानात बोलले.

"बा रामेश्वरा म्हाराजा. बारा वेशींच्या देवा म्हाराजा. आज तुझ्या लेकरांनी नारळ ठेयलो आसा, तो मानून घे म्हाराजा."

तिने डोळे उघडले.

पुढे होडी येणार होती. "होडी भरान येवंदे." तिथे मी अडले. होडी नाही. इतके दिवस डबी खोटं बोलायची, आता मी बोलायचं? आणि देवासमोर, काकांच्या नारळासमोर? काय मागायचं ते सुचेना. मग तोंडात आलं ते मागितलं.

"हिच्या गळ्यातसून पेज उतरांदे म्हाराजा."

आणि पडवीतून आवाज आला, फाटका, हळू. "व्हय म्हाराजा."

काकांचे कान अजून शाबूत आहेत तर.

"हिचे हात सुटे ऱ्हवांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पडवीतून. आणि त्याच्या मागोमाग माझ्या गालाशी, ओठ हलल्याचं आधी कळलं, मग ऐकू आलं. व्हय म्हाराजा. मी चमचा घातला. गिळलं. कंठ खाली-वर झाला तो मी बघितला.

अर्धी वाटी. मग थोडी अजून.

काका उठले तेव्हा म्हणाले, "थंय 'मान्य करून घे' म्हणतत. मानून घे नाय." मी म्हटलं, तुमी येवन म्हणा. ते म्हणाले, "माझा कोण आयकता?" आणि आत आले. दारातून. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून तिच्या पायावरची गोधडी नीट केली आणि गेले.

४ डिसेंबर, बुधवार

किशोरी गाडी घेऊन आली. दुपारचं भरवणं चालू होतं, मी तिला थांब म्हटलं, बोलू नको. ती दारात उभी राहिली. मी कानात गाऱ्हाणं घालत होते, पायरीवर काका व्हय म्हणत होते, म्हातारी खात होती. किशोरीने तोंडाला पदर लावला.

"डबी चालू झाली?"

"नाय. हातात आसली की पुरता."

मला तसंच वाटतं. म्हातारीला डबीची ओळख आहे, वाजो न वाजो. काल मी ती विसरून बसले होते तर तिची बोटं चाचपत होती. म्हणजे माझा हात चाचपत होती, पण शोधत असणार डबीच.

डॉक्टरीणबाई आल्या, तोंडाने घेतात तोवर नळीची घाई नको म्हणाल्या. पुढचं पुढे. पुढचं काय ते मला कळतं. काटके झालेले हात परत भरणार नाहीत. पण सुटे आहेत. किशोरीने गाडी परत पाठवली आणि रात्र राहिली. भाकऱ्या तिने केल्या. जाड केल्या, पण केल्या.

सुदेशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, काका घरात इले? तीनदा विचारलं. मग म्हणाला, तेंका वायच फोन दी. मी फोन काकांकडे दिला. काका म्हणाले, "हॅलो. जेवलंस?" आणि फोन मला परत दिला. एवढंच. दोघेही सारखेच.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी पाऊण वाटी. दुपारी अर्धी.

काका आज जत्रेला गेले, दुसऱ्या गावी. रिया कॉलेजला. घरात मी आणि म्हातारी. व्हय म्हणायला कोणी नाही, तरी बसले. गालाला गाल. तिच्यासाठी मागायचं ते मागून झालं. पेज, हात, झोप. पेज अजून वाटीत शिल्लक होती आणि मागायचं संपलं होतं. मग मी म्हटलं, कोण ऐकतंय, "माका खंयच जावचा नाय, काय उचलूचा नाय, असो एक दिस दी म्हाराजा."

म्हातारी म्हणाली, "व्हय म्हाराजा." एकदम स्पष्ट. आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी चमचा घालायचा विसरले.

तिला काय कळतं? ती सगळ्यालाच व्हय म्हणते. मग तिनेच वाटीकडे बोट केलं.

डबी तिच्या मुठीत होती, रबरासकट. कंबर आज जरा कमी दुखते, का ते ठाऊक नाही. मंगळवारी बाजाराला जाईन तेव्हा यतीनला विचारणार, ह्या जातीची आतली पाटी कुठे जुनी मिळते का. तो हसेल. हसू दे. सगळं डबीमुळे चाललंय, तिला अशी मेलेली कशी ठेवू?